टेकाडवस्तीचा नमुना

३ मार्च २०२५, सोमवार

आज नोकरीवर रुजू झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली आणि टेबल-खुर्चीची नोकरी मिळालेलीही पहिली. म्हणून ही वही घेतली. पप्पा गवंड्याच्या हाताखालचं काम एक दिवस बुडवून पाथर्डीच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. बस सुटेपर्यंत पिशवीचे बंद नीट बांधलेत का ते तीनदा पाहिलं.

शेवगावात पाइप-मोटारींच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची पाणी तपासणी प्रयोगशाळा आहे. खाजगी आहे, पण गावोगावच्या विहिरी-बोअरचं पाणी तपासायचा ठेका आमच्याकडे आहे. माणसं तीनच. वैजनाथ सर प्रमुख. छगनमामा मोटरसायकलवर गावोगाव फिरून पाण्याच्या बाटल्या भरून आणतात. आणि संगणकावर मी. सर पाणी तपासतात, रिपोर्ट तयार करून माझ्या संगणकावर ठेवतात. मी ते नगरच्या मुख्य कार्यालयात पाठवायचे. तिथून ते सरकारदरबारी आणि गावांना जातात.

माझ्या खुर्चीवर आधी रोहिणी नावाची बाई होती. ती का सोडून गेली, असं मी छगनमामांना विचारलं. ते म्हणाले, खिडकी उघडा, ऊन येऊ द्या.

५ मार्च, बुधवार

काम मला फार आवडलं. आईला फोनवर समजावून सांगताना मलाच ते नव्याने कळलं. संगणकावर एक काळी खिडकी उघडते. तीत चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एका ओळीत लिहायचं: ही फाईल, त्या संगणकावर, त्या कप्प्यात. मग फाईल इथून निघतानाच कुलूपबंद होते आणि तिथे पोचल्यावरच उघडते. वाटेत कोणी अडवली तरी त्याला नुसता अक्षरांचा चिवडा दिसेल.

पण त्याआधी एक गोष्ट असते. समोरच्या संगणकाशी पहिल्यांदा बोलताना आपला संगणक विचारतो, मी याला ओळखत नाही, हा त्याचा ठसा, विश्वास ठेवू का? ठसा म्हणजे चाळीसेक अक्षरांची माळ. सगळे जण न बघता ‘येस’ लिहून मोकळे होतात. कॉलेजात आमच्या मॅडमनी शिकवलं होतं की पलीकडच्या माणसाला फोन करून एकेक अक्षर जुळवायचं. मी नगरला फोन लावला. तिथले वाल्मिकभाऊ रिपोर्ट उतरवून घेतात. मी अक्षरं वाचत गेले, ते हो-हो करत गेले. शेवटी म्हणाले, “मॅडम, लोक सोयरीक जमवताना एवढी चौकशी करत नाहीत.”

करायला हवी, असं मी म्हटलं. लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे कागद आहेत. वाटेत एका आकड्यालाही कोणाचा हात लागता कामा नये.

११ मार्च, मंगळवार

छगनमामांनी आज टेकाडवस्तीच्या विहिरीचं पाणी आणलं. कोऱ्या चहासारखा रंग. वस्तीच्या वरच्या अंगाला अर्क काढायचा कारखाना आहे, त्याची मळी मुरत मुरत विहिरीत उतरते म्हणे. बाटलीचं झाकण काढलं तर आंबलेल्या काकवीचा वास खोलीभर झाला. मामा म्हणाले, या पाण्याला मशीन कशाला बिघडवता, नाकानंच तपासा.

रिपोर्ट ‘पिण्यास अयोग्य’ आला की विहिरीला कुलूप लागतं आणि वस्तीला टँकर मिळतो. साठ घरं आहेत. संध्याकाळी पाचला सरांनी दिवसाचे बारा रिपोर्ट माझ्या कप्प्यात ठेवले. मी ते पाठवले. बारापैकी बारा पोचले. पोचलेल्या फायली आणि माझ्या फायली हुबेहूब आहेत याचीही मी खात्री केली. वाल्मिकभाऊंना फोन करून विचारलं तर ते हसायलाच लागले.

भाड्याच्या खोलीवर परत जाताना वाटलं, साठ घरांसाठी मी आज काहीतरी केलं.

१७ मार्च, सोमवार

आज विचित्र झालं. नगरच्या संगणकाशी जोडायला गेले तर काळ्या खिडकीत मोठी ताकीद आली. पलीकडच्या संगणकाचा ठसा बदलला आहे, तुमच्याशी कोणीतरी दुसरंच बोलत असू शकतं. मी हात मागे घेतला. वाल्मिकभाऊंना चार वेळा फोन केला, उचलला नाही.

सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, जुना ठसा खोडून टाक आणि ‘येस’ लिही, आपल्याकडे सगळे असंच करतात. रोहिणीसुद्धा असाच घोळ घालायची. अठरा रिपोर्ट अडकले होते. मी ‘येस’ लिहिलं.

अठरा पाठवले. मग पलीकडच्या कप्प्याची यादी मागवली. तिथे एकोणीस होते.

१८ मार्च, मंगळवार

वाल्मिकभाऊंचा फोन आला. कालचे रिपोर्ट कुठे आहेत, असं विचारत होते. मी म्हटलं, पोचले की. ते म्हणाले, शनिवारपासून त्यांचा संगणक बंद आहे, डिस्क जळली, दुरुस्तीला गेलाय. टेबलावर नुसत्या वायरी पडल्या आहेत.

मग माझ्या अठरा फायली कोणी घेतल्या?

मी पुन्हा जोडून पाहिलं. लगेच जोडलं गेलं. ती एकोणिसावी फाईल मी इकडे उतरवून घेतली. आमच्याच साच्यातला रिपोर्ट होता.

नमुना घेण्याचे ठिकाण: वाल्मिक दगडू खेमनर, उजवे फुप्फुस.
नमुना दिनांक: २० मार्च.
निष्कर्ष: पिण्यास अयोग्य.
प्रेषक: रोहिणी.

मी फोनवर वाचून दाखवलं. वाल्मिकभाऊ म्हणाले, असली थट्टा परत करू नका, आणि फोन ठेवला. त्यांना वाटलं मी केली. मला वाटत होतं त्यांनी केली.

२० मार्च, गुरुवार

वाल्मिकभाऊ गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कार्यालयात, खुर्चीवर बसल्या बसल्या. डबा उघडलेला होता. कपडे कोरडे, केस कोरडे. डॉक्टरांनी सांगितलं की छातीत पाणी भरलं होतं. बुडालेल्या माणसाच्या भरतं तसं. आणि ते तपकिरी होतं.

२१ मार्च, शुक्रवार

सर नगरला मयतीला गेले. मी छगनमामांना समोर बसवलं आणि ती फाईल दाखवली. त्यांनी टोपी काढून हातात धरली. बराच वेळ ते पडद्याकडे बघायलाच तयार नव्हते. मग सगळं सांगितलं.

रोहिणी टेकाडवस्तीचीच सून. मागच्या वर्षी त्या विहिरीचा खरा रिपोर्ट तिने नगरला पाठवला. वाल्मिकभाऊंनी तो तिथे पुसला आणि सरांना फोन केला. सरांनी दुसरा तयार करून तिच्या संगणकावरून, तिच्या नावाने पाठवला. कारखान्याचं आणि सरांचं काय बोलणं झालं ते मामांना माहीत नाही. कागद वस्तीवर चिकटला. पिण्यास योग्य, खाली रोहिणीचं नाव. घरची बाई सांगतेय म्हणून लोक निर्धास्त प्यायले. दोन म्हातारी माणसं गेली आणि तिच्या जावेची चार वर्षांची मुलगी गेली. जावेने तिच्या दारात येऊन तिच्या तोंडावर तांब्याभर तेच पाणी मारलं. ती सांगत होती की हा कागद माझा नाही. नाव तर तिचंच होतं. तिसऱ्या दिवशी ती त्याच विहिरीत सापडली. तेव्हापासून वस्ती लांबून पाणी आणत होती, नवा कागद येईपर्यंत.

मी विचारलं, मामा, तुम्ही का नाही सांगितलं लोकांना? ते म्हणाले, सांगितलं, पण छापील कागदापुढं मोटरसायकलवाल्याचं कोण ऐकतं.

मग त्यांनी मला विचारलं, “ताई, आन् तुमी अकरा तारखेला काय पाठिवलं? उघडून बगितलं हुतं का?”

नव्हतं बघितलं.

फाईल पोचली का ते बघितलं. हुबेहूब पोचली का ते बघितलं. ठसा बघितला. आत काय लिहिलंय ते एकदाही बघितलं नाही.

आता उघडली. टेकाडवस्ती विहीर. पिण्यास योग्य. प्रेषक: शुभांगी जगधने.

मशीनमधून निघालेली खरी चिठ्ठी अजून मांडणीतल्या बाटलीला चिकटलेली आहे. त्यावरचे आकडे मी तीन वेळा वाचले. मग चिठ्ठी सोडवून या वहीत ठेवली.

२४ मार्च, सोमवार

सरांना विचारलं. ते चिडले नाहीत. बस म्हणाले. तुझी कायमची ऑर्डर माझ्या सहीसाठी पडली आहे म्हणाले. पप्पांचं नाव घेतलं, त्यांना किती अभिमान असेल म्हणाले. मी तरी उभीच राहिले, तेव्हा शांतपणे म्हणाले, “तुझ्या नावावर गेलंय, जगधने. माझं नाव कुठं आहे, दाखव.”

जागेवर येऊन बसले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. खरी चिठ्ठी घेऊन तडक टेकाडवस्तीला जायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. पण मी पलीकडच्या कप्प्याची यादी मागवली.

एक नवी फाईल होती.

नमुना घेण्याचे ठिकाण: वैजनाथ काशिनाथ गर्जे, दोन्ही फुप्फुसे. नमुना दिनांक: २७ मार्च.

मी ती वाचली आणि बंद केली. सरांना चहा सांगू का म्हणून विचारलं. त्यांनी सांग म्हटलं.

मग एक छोटी फाईल लिहिली आणि कुलूपबंद करून तिकडे पाठवली. तीत एकच ओळ होती. उशीर करू नकोस.

२६ मार्च, बुधवार

सर आज खुशीत होते. सगळ्यांना भेळ मागवली. छगनमामा माझ्याकडे बघत होते. मी खाल्ली.

वस्तीला जायचं आहे. शुक्रवारी जाईन. आधी हे होऊ दे.

२७ मार्च, गुरुवार

साडेअकराला. माझ्यासमोर. फोनवर बोलता बोलता ते थांबले. घसा खाकरला. मग तोंडातून नुसतं पाणी. टेबल भिजलं नाही, शर्ट भिजला नाही — बाहेर पडायचं आणि तिथल्या तिथे नाहीसं व्हायचं. ते माझ्याकडे हात करत होते. मी खुर्चीवरून उठले नाही.

मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते. खोटं लिहायचं नाही असं या वहीपुरतं ठरवलंय.

२९ मार्च, शनिवार

छगनमामांच्या मागे बसून टेकाडवस्तीला गेले. काल जाता आलं नाही, पोलीस जबाब घेत होते. खरी चिठ्ठी आणि खरा रिपोर्ट छापून नेला. ग्रामसेवकांच्या हातात दिला, पारावर मोठ्याने वाचला. विहिरीला कुलूप लागलं.

एका बाईने माझं नाव विचारलं. सांगितलं. तिने घरातून आधीचा कागद आणला आणि माझ्यासमोर धरला. तिचा मुलगा नगरच्या दवाखान्यात आहे, सात वर्षांचा. तिने शिवी दिली नाही. एवढंच विचारलं की ताई, तुम्ही शिकलेल्या ना?

२ एप्रिल, बुधवार

प्रयोगशाळेला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. जाऊ नये असं ठरवून गेले.

यादीत एक फाईल.

शुभांगी अशोक जगधने. ४ एप्रिल.

पुढे वाचलं नाही — वाचलं. दोन्ही फुप्फुसे.

मी लिहून पाठवलं. रोहिणीताई, मी तुझ्यासारखीच आहे. माझ्या नावाने त्यांनी पाठवलं. मी खरं सांगितलं, विहीर बंद झाली.

उत्तराची फाईल लगेच आली.

अकरा ते एकोणतीस. तितके दिवस प्यायले. मी पाठवलेलं खरं होतं. तू पाठवलेलं तू वाचलं नाहीस. एकवीसला वाचलंस. तरी एकोणतीसला गेलीस.

३ एप्रिल

संगणकाची वायर काढली. बॅटरी काढली. पडदा चालूच.

तिचं खरं आहे. एकवीस ते एकोणतीस. मी वस्तीला जायचं सोडून — बघत बसले. मला ते बघायचं होतं.

कालपासून पाण्याचा घोट घेतला नाही. तहान नाही.

४ एप्रिल

सकाळ. पप्पांना फोन केला. सगळं ठीक आहे असं मी सांगितलं. ते म्हणाले, आवाज का असा येतोय, नळाखाली बसल्यासारखा.

साडेदहा

छगनमामा खोलीच्या दारात बसलेत. टँकर आला म्हणून वस्तीवरून फोन आला. तो मुलगा — सात वर्षांचा — सकाळी गेला. मामांना सांगायचं नव्हतं. मी सांगायला लावलं.

अकरा

छाती जड. हे कोणी बदलू नये म्हणून हाताने लिहिते. मी, शुभांगी अशोक जगधने, लिहून देते की टेकाडवस्तीचा खोटा रिपोर्ट ११ मार्चला माझ्या हाताने गेला. न वाचता गेला. २१ ला मला कळलं. कळल्यावर त्याच दिवशी मी सांगू शकत होते. छगनमामांची गाडी खाली उभी होती. सांगितलं नाही. वैजनाथ सरांनाही सांगितलं नाही — त्यांची तारीख — मला माहीत होती — भीतीने नाही, नोकरीसाठी नाही. मी गप्प राहिले कारण मला