मशीनच्या कार्डावरची गाळलेली ओळ

टायरचे दुकान नवे होते तेव्हा संध्याकाळी आम्ही तिघे, माझे पती दादासो, कारागीर सयाजी आणि मी, साबणाचे उरलेले तुकडे कोमट पाण्यात कालवत बसायचो. तो फेस कडेला लावला की टायर रिमवर अलगद बसतो. “वैनी, तुमच्या साबणानं गाड्याबी वासाच्या हुत्यात,” असे सयाजी म्हणायचे. त्या संध्याकाळींना स्मरून हे लिहिते.

मी, श्रीमती चंदना दादासो मगदूम, वय एकोणसत्तर, राहणार कोल्हापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती नको तेवढी शाबूत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. राहते घर व बँकेतील ठेवी मुलगा अभिनंदन यास. दारातली जुई तोडू नये.

दोन. चांदीचा तांब्या नणंद आक्का यांना. तीस वर्षे त्या आल्या की तो उचलून वजन पाहतात. आता घरी नेऊन पाहावे.

तीन. माझ्या नावावरील दुकानगाळा, टायर बसवण्याच्या मशीनसह, सयाजी चव्हाण यांना. ते हल्ली जोतिबावर नारळाचे दुकान चालवतात. अभिनंदन, तू कारण विचारशील, म्हणून लिहिते.

मशीन २००९ साली आले. माहितीपुस्तक इंग्रजीत. सयाजी हसून म्हणाले, मशीन इंग्रजी बोलतंय, वैनींनाच कळणार. मी तुझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला सूचना मराठीत उतरवल्या. रिम थाळीवर घट्ट पकडा. टायरच्या दोन्ही कडांना साबण लावा. दांडा खाली घेऊन कड आत उतरवा. मग हवा भरा; दोन्ही कडा बसल्याचे दोन आवाज येईपर्यंत.

पुस्तकात पुढे एक ओळ होती: हवेचा दाब चाळीस पौंडांवर कधीही नेऊ नका, आवाज आला नाही तर हवा सोडा, साबण लावून पुन्हा बसवा, तोंड चाकापासून दूर ठेवा. कार्डावर जागा संपली होती. समासात कोंबली असती तर मावली असती. पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी समास मोकळा ठेवायला शिकवले होते, आणि माझ्या अक्षराचे सगळ्यांना कौतुक होते. मी ती ओळ गाळली.

मशीनच्या कंपनीचा माणूस येऊन शिकवेपर्यंत थांबू, असे दादासो म्हणत होते. सयाजी म्हणाले, “वैनींनी लिवलंय म्हंजे बरुबरच असणार की.”

महिन्याभराने एका टेम्पोच्या चाकाचा पहिला आवाज आला, दुसरा येईना. काटा साठाच्या पुढे गेला, आणि दुसरा आवाज ऐकायला सयाजींनी चाकापाशी कान नेला. टायर फुटला. दोन बोटे गेली, उजवा कान कायमचा गेला.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर मी ते कार्ड मशीनजवळच्या भिंतीवरून काढून घेतले. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, “दुसरा आवाज आलाच न्हाई, वैनी. माझंच कायतरी चुकलं असंल.”

मी म्हणाले, आराम करा.

गडी धांदरट निघाला, काट्याकडं बघितलंच न्हाई, असे दादासो गिऱ्हाइकांना सांगत राहिले. मग सयाजींना कोल्हापुरात कोणीच कामावर घेतले नाही. दादासो त्याच समजात वारले. मी शेजारी बसून त्यांना औषध देत होते. तेव्हाही खरे सांगितले नाही.

चार. ते कार्ड कपाटाच्या चोरकप्प्यात आहे. ते सयाजींचे. ठेवायचे की फाडायचे, ते ठरवतील. सोबत नवे कार्ड आहे. गाळलेली ओळ त्यावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात आहे. ते मशीनवर लावावे.

पाच. अंमलबजावणी माझी भाची ॲड. आदिती चौगुले हिने करावी. कोणालाही काही देण्याआधी हे मृत्युपत्र दुकानात, रस्त्यावरच्या सगळ्या टायरवाल्यांना बोलावून, मोठ्याने वाचावे. वाचायचे अभिनंदनने. त्याने सयाजींच्या डाव्या बाजूला बसावे. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.

सही: चंदना दादासो मगदूम

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
डॉ. धैर्यशील इंगवले
राजवीर शिंदे

कोल्हापूर, १२ जानेवारी २०२५