पिवळ्या दिव्यावरची काळी टेप

बाळकुम,
रविवार, दुपार

प्रिय हितेश,

बाळकुमहून डोंबिवलीला बायको पत्र पाठवते म्हटल्यावर तू आधी हसशील. हस. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी सान्वीचं नाव काढते, तू गाडीचं काढतोस आणि दोन मिनिटांत दोघंही तणतणत फोन ठेवतो. मोठा मेसेज तू वाचत नाहीस, नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून हे पत्र सुशांतच्या हाती देतेय. तुझं वाचून होईपर्यंत गॅरेज बंद ठेवून समोर बसायचं, असं त्याला बजावलंय.

सान्वी मजेत आहे. दिवसभर आईच्या पदराला धरून फिरते, आणि आई तिला आपली, सगुणाबाईची, शेपटी म्हणते. परवा टोपलीतली सुकट कच्चीच खाताना सापडली. मे महिन्यात हीच पोरगी घास तोंडाला लावत नव्हती, आठवतं ना? पोट धरून रडायची, उगाच किरकिर करायची, आणि आपण दोघं शहाणे गॅस झालाय म्हणून ओव्याचं पाणी पाजत बसलो होतो. ठाण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात रंगकाम चाललंय का, बॅटऱ्यांचं काम कुणी करतं का. मी आपली नाही नाही म्हणत होते, आणि एकदम मला आपल्या बाल्कनीतला लाल कॅन आठवला.

तुझ्या दोस्ताने, साकेतने, रेसच्या ट्रॅकवरून ते पेट्रोल आणून दिलं तेव्हा काय खूश होतास तू. पत्रीपुलावर गाडी कशी उडाली हे मला आल्यागेल्यासमोर ऐकावं लागायचं. कॅनवर स्पष्ट लिहिलं होतं की यात शिसं आहे, हे फक्त शर्यतीसाठी, रस्त्यावरच्या गाडीत घालू नये. मी वाचून दाखवलं तर तू म्हणालास, अगं, आपण कोळ्यांची पोरं, शिशावरच वाढलोय. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. जाळं बुडावं म्हणून आपल्या जाळ्यांच्या कडेला शिशाच्याच गोळ्या असतात. माझे बाबा तर ओटीवर बसून गोळी दोरीवर ठेवायचे आणि दाताने चावून घट्ट करायचे, पक्कड शोधायचा कंटाळा म्हणून. दुसऱ्या कुणी तो कॅन घराबाहेर काढला असता. आपल्याला शिसं म्हणजे घरातलंच माणूस वाटलं.

तू नळी तोंडाने ओढून ते पेट्रोल काढायचास, हात बनियनला पुसायचास आणि त्याच हातांनी लेकीला कडेवर घ्यायचास. आणि ते पेट्रोल ओतायचं निळं नरसाळं. सान्वी ते आंघोळीच्या बादलीत घेऊन खेळायची, त्यातून पाणी प्यायची.

गाडीने तर आधीच सांगितलं होतं रे. समोर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि तू काय केलंस, तर त्यावर काळी टेप चिकटवलीस. सुशांतने गाडी खोलली तेव्हा धूर साफ करणारा कन्व्हर्टर शिशाने मेलेला, सेन्सरही गेलेला. तुझ्या साध्या इंजिनाला त्या पेट्रोलचा काडीचा उपयोग नाही, ती ताकद फक्त तुझ्या डोक्यात होती, असं तो म्हणाला. मित्राने खरं सांगितलं, तर त्याच्याशीच बोलणं टाकलंस. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोरं खेळतात, त्यांच्या तोंडावर तो धूर जात होता हे मात्र तुझ्या डोक्यात आलं नाही.

सान्वीच्या रक्तात शिसं निघालं त्या संध्याकाळी तू इथे ओटीवर बाबांना काय विचारलंस, ते मला विसरता येत नाही. तुम्ही जन्मभर शिसं चावलंत, तुम्हाला काय झालं? बाबा जाळं गोळा करून आत गेले. मी इतकी चिडले की सान्वीला घेऊन इथेच राहिले. रागापेक्षा भीती जास्त होती. तूही घाबरलेलासच. घाबरलास की तुझा आवाज चढतो, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. आता दर रविवारी येतोस, गल्लीच्या तोंडाशीच लेकीशी खेळतोस आणि बाबांना तोंड न दाखवता जातोस. अर्धा कॅन अजून बाल्कनीत आहे, हेही मला कळलंय.

काल सान्वीचा दुसरा रिपोर्ट आला. शिसं अर्ध्याहून खाली उतरलंय. दूध, नाचणी, पालेभाजी चालू ठेवा, पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या वाढीकडे लक्ष ठेवावं लागेल, सगळं टळलं असं ते म्हणाले नाहीत. पण हसून बोलले. परत येताना मी रिक्षात इतकी रडले की रिक्षावाल्याने टेंभी नाक्याला गाडी बाजूला घेऊन विचारलं, ताई, घरी सगळं बरं आहे ना? आता बरं आहे, म्हटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सान्वीचं दुसऱ्यांदा रक्त दिलं त्या दिवशी बाबाही सोबत आले होते. मला वाटलं, नातीसाठी आलेत. तिचं झाल्यावर त्यांनी आपली बाही वर केली आणि हात पुढे धरला. त्यांच्या रक्तातलं शिसं तिच्या कितीतरी पट निघालं. त्यांची पोटदुखी, कपबशी धरताना थरथरणारा हात, सगळं आम्ही वयावर ढकलत होतो. यात वयाचं किती आणि शिशाचं किती, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. काल संध्याकाळी त्यांनी सगळ्या गोळ्या डब्यात भरून घराबाहेर काढल्या. आता जाळ्याला लोखंडी कड्या लावतायत, पकडीने, आणि पकडीला शिव्या देत. आज सकाळी मला म्हणाले, ‘हितेशनी इचारला व्हता ना, मना काय झाला? त्याला लिव, काय झाला तं.’ मग म्हणाले, होडीचं इंजिन धूर टाकतंय, जावयाला बघायला सांग. ज्या इंजिनाला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नाही, ते. आणि नारळी पौर्णिमेचा नारळ यंदा तूच खाडीला द्यायचा, सान्वीला कडेवर घेऊन, कारण त्यांना आपल्या हाताचा भरवसा वाटत नाही. तेव्हा ये. कॅन गटारात ओतू नकोस, साकेतला परत दे. टाकी सुशांत रिकामी करेल. दिव्यावरची टेप काढ, दिवा पेटलेला असला तरी चालेल. आणि आत येण्याआधी मोरीवर हात साबणाने धू, कारण दार उघडताच ती तुझ्या अंगावर उडी मारणार आहे.

अजून थोडी रागावलेली, पण तुझीच,
प्राप्ती