नव्या डिस्कवरचं तेल

बाबा, काल अकोल्याला त्या मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन आले. तोच, ज्याला चोर चोर म्हणत तुम्ही अख्खं दर्यापूर डोक्यावर घेतलंत. निघाले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. इथे अमरावतीच्या मेकॅनिकने आमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क बदलायला सांगितल्या, नुसते ब्रेक पॅड टाकून भागणार नाही म्हणाला, आणि तुमची लेक असल्यामुळे मी लगेच धरून चालले की हा बाई बघून मला गुंडाळतोय. मग शाळेतल्या एका बाईंनी अकोल्याचं गॅरेज सुचवलं. तिथला म्हातारा मिस्त्री जुनं सामान काढून हातात देतो म्हणाल्या. एवढं मला पुरेसं होतं.

तो चाकापाशी उकिडवा बसला आणि भुवईतली खाच दिसली, तेव्हा ओळखलं. तुम्ही गाडी कधी कुणाच्या भरवशावर सोडत नव्हतात, पण त्याने तुमच्या गाडीत नवे पॅड टाकले त्या दिवशी तुम्हाला झेंडूच्या सौद्यासाठी बाजारात जावं लागलं, आणि राखणीला मला त्याच्या टपरीत बसवून गेलात. मी नऊ वर्षांची होते. त्याने मला अर्धा कप चहा दिला होता. काल त्याने मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. तुम्ही उभे राहायचात तशीच उभी राहिले, हातभर अंतरावर, नजर त्याच्या बोटांवर. त्याने डिस्कच्या कडेवरची माती पुसून तिथे कोरलेला आकडा दाखवला, याच्याखाली जाडी गेली की डिस्क बाद, आणि मोजायला व्हर्निअर माझ्याच हातात दिला. मी चार ठिकाणी मोजलं. एका तरी जागी हा खोटा पडेल अशी आशा होती. डिस्क सगळीकडे झिजलेली निघाली. म्हणजे अमरावतीचाही खरंच बोलत होता, आणि याचा मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला.

मग त्याने नवी डिस्क खोक्यातून काढून धुवायला घेतली. कोरी करकरीत वस्तू धुतोय म्हणजे नक्की वापरलेली असणार, असं मनात आलं. काहून धुता, मी विचारलं.

"नव्या डिस्कले तेल राह्यते मॅडम, गंज चढू नये म्हनून. ते पॅडनं पेलं का ब्रेक गेला. अन् एकाच चाकाले लागलं तं गाडी दुसऱ्या अंगाले ओढते."

धुऊन पुसून झाल्यावर त्याने तीच डिस्क पुन्हा धुतली. मी म्हटलं, एकदा झाली ना.

"दर्यापूरले एकाच्या गाडीत पॅड टाकले होते मी. चार दिसात त्यानं गाडी ठोकली, बायकोचा हात मोडला. म्हने तू जुने टाकले. जुने नवते. पन माह्या हाताचं ग्रीस लागलं असन, मले अजून तसंच वाटते. तवापासून दोनदा धुतो."

त्या वर्षीची खंडेनवमी आहे. तुम्ही अंगणात गाडी धुताय, आतली काळी माती निघावी म्हणून पुढचं डावं चाक काढून ठेवलंय. पाटावर विळे, कुदळ, गाडीचे पाने मांडलेत आणि आई एकेकावर जवसाच्या तेलाचा बोळा फिरवून हळदकुंकू लावतेय. तुम्ही आंघोळीला गेलात. तेवढ्या वेळात ओल्या डिस्कवर तांबूस गंज आला. मला वाटलं, आई हिला विसरली. मी बोळा घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी चकचकीत केली आणि वर कुंकवाचं बोट लावलं. तुम्ही आलात, कुंकू पाहून हसलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि चाक चढवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्या शेजारी आई, मागच्या सीटवर झेंडूची पोती, त्यांच्यावर मी, आणि गाडी अकोल्याकडे. पुढे बैलगाडी आली, तुम्ही ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली जाऊन पुलाच्या कठड्यावर गेली. आईचा उजवा हात पुढे कधी सरळ झाला नाही. भाकरी ती डाव्या हाताने थापायची. मिस्त्रीची टपरी दिवाळीच्या आतच बंद पडली.

काल त्याला सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याने बिलासाठी नाव विचारलं आणि मी सासरचं आडनाव सांगून मोकळी झाले. गाडी उत्तम थांबत होती, तरी मूर्तिजापूरपर्यंत मी रिकाम्या रस्त्यावर उगाच ब्रेक दाबून पाहत होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्या बिलासोबत गाडीच्या कागदांतही ठेवणार नाही. कुणाच्या हाती लागलं तर वाटेल, मला सगळं कालच कळलं. तसं नाही, बाबा. तेलाने निसटतं एवढं नऊ वर्षांच्या मुलीलाही कळतं. आईला दवाखान्यात ठेवून आपण घरी आलो, तेव्हा तो बोळा मी मागच्या चुलीत घातला. तुम्हाला तोवर मिस्त्रीचा नुसता संशय होता. तुम्ही मला जवळ घेऊन विचारलंत, "तू होती ना तिथं? पॅड त्यानं कुठून काढले?" नव्या पॅडचं खोकं माझ्यासमोर फोडलं होतं त्याने. मी म्हणाले, जुन्या डब्यातून.