गोड मिरचीचे बी आणि भावजयीची चोरी

मी, नानाजी उकंडराव सरनाईक, वय बावन्न, राहणार किन्हीराजा, शुद्धीवर असून आपल्या मर्जीने हे लिहून ठेवतो. माझ्या छातीला कान लावून वैद्यबुवांनी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, तेव्हा उशीर नको.

१. घर, विहीर व सहा एकर शेत पत्नी रुख्मिणी हिचे. पुतण्या जगदेव याने शेत वाहावे व निम्मे पीक तिच्या दारी आणून टाकावे.

२. पोथ्या वाशीमच्या पाठशाळेस. तेथे अकरा वर्षे काढली. मिरचीवर एक श्लोक मिळाला नाही.

३. परसातील गोड मिरची. रुख्मिणीला तिखट सोसत नाही, आणि मिरचीवाचून तिला घास जात नाही. एकवीस वर्षांमागे भाजीवाले वहाबभाई यांनी नऊ बिया दिल्या, तेव्हापासून ती पोटभर जेवते. हे पुढेही चालले पाहिजे. फुलावर मलमलीची पिशवी बांधावी. पहिले लाल फळ बियांसाठी सोडावे. बी राखेत ठेवावे व दर साल पेरावे. चार साल पडून राहिले की उगवत नाही.

४. भावजय गोजराबाई यांनी एकदा कुंपणाला लागून तिखट मिरची लावली. माश्यांनी तिकडचे पराग इकडच्या फुलांवर आणले. पुढच्या साली फळ दिसायला तेच, आत विस्तव. रुख्मिणीने मुकाट्याने खाल्ले, "गोडच हाय" म्हणाली आणि तीन दिवस अंथरुणावर होती. मी वहिनींशी वर्षभर बोललो नाही. मग त्यांनीच जुन्या बियांची पुरचुंडी आणली. "भाऊजी, तुमच्याच वाफ्यातून चोरलं होतं. चोरलं म्हून वाचलं." चोरी माफ. त्या साली पिशव्या बांधायचा आळस माझा होता. हे कलम त्यांना वाचून दाखवू नये.

५. सदर बी गोजराबाईंना द्यावे.

६. रुख्मिणी आहे तोवर कुंपणापासून शंभर पावलांत कोणीही तिखट मिरची लावू नये. जगदेव, हे तुला.

पुरवणी: धनसिंग मास्तरांनी सारे मोठ्याने वाचले, चौथे कलमही. दुसरी साक्ष वहिनींची ठरली होती; पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे ते म्हणाले. वहिनी दारातून म्हणाल्या, "मंग मले काई देऊ नका. दर साली एक लाल फळ नेतोच मी. बी माह्या मडक्यात हाय. रुखमीले कोणाच्या भरवशावर सोडू?"

पाचवे कलम खोडले.

सही: नानाजी उकंडराव सरनाईक
साक्षीदार: धनसिंग मास्तर, सही
साक्षीदार: गोजराबाई सरनाईक, डावा अंगठा. शाई थोडी, राख जास्त. ठसा ग्राह्य धरावा.

मुक्काम किन्हीराजा, ता. ९ जानेवारी १९३८