पाचशे किलोच्या आत

मु. टोकावडे, ता. मुरबाड
बुधवार, जेवणानंतर

ती. अक्का हिस,

धाकट्या राघोचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वाशिंदच्या धुळीनं दाजींचा खोकला पुन्हा उचलला असेल तर त्यांना चार दिवस इकडे पाठव. (तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण तू आलीस की तू आणि गिरजा मिळून माझ्या वर्कशॉपमधलं भंगार आवरायला काढता, आणि पुढे महिनाभर मला माझा हातोडा सापडत नाही.) इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझं उजवं कोपर थोडं सोललंय, ते कसं हे पुढे येईलच. फोन का केला नाही असं तू विचारशील. अक्का, फोनवर तू मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच ‘बरं बरं, ते राहू दे’ म्हणता येत नाही, म्हणून कागद.

तर बातमी अशी की तुझ्या भावानं ट्रेलर बनवला! तू म्हणशील त्यात नवल काय, पंचवीस वर्षं तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याच बनवतोय. अक्का, ट्रॉली नव्हे, ट्रेलर. आजवर मी जे बनवलं ते विटा, रेती आणि पेंढ्यासाठी. हा बनवलाय एका स्पोर्ट्स कारसाठी. गाडी आत, चारी बाजूंनी भिंती, वर छप्पर, मागे दार, आणि एवढं करून रिकाम्या ट्रेलरचं वजन पाचशे किलोच्या आत. पाचशे! माझी साधी ट्रॉली रिकामीच दीड टनाला जाते, आणि लोक तिचं त्याबद्दलच कौतुक करतात. ‘राघोची ट्रॉली दरीत पडली तर दरीला पोचा येईल,’ असं मुरबाडच्या बाजारात म्हणतात. इतकी वर्षं मी त्यावर खूश होतो.

गाडीचा मालक हर्षित म्हणून ठाण्याचा दातांचा डॉक्टर आहे. वैशाखऱ्याच्या अलीकडे त्याचं फार्महाऊस आहे. गाडी जुनी, पिवळी, दोनच माणसांची, उंचीला माझ्या बरगडीपर्यंत. तिच्यात बसायचं नसतं, पाय पुढे करून निजायचं असतं. जमिनीपासून पोट चार बोटं वर. आपल्या रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकावर ती अडकून पाण्यातल्या कासवासारखे चारी पाय हलवायला लागेल. मागे एकदा त्यानं ती उघड्या ट्रकवर ताडपत्रीखाली नेली, तर दोरीनं रंग ओरबाडला. त्या ओरखड्याचा फोटो त्यानं मला दाखवला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. (दातांच्या डॉक्टरचा, अक्का! दुसऱ्याची दाढ उपटताना ज्याचा हात हलत नाही त्याचा.) येत्या रविवारी पुण्याच्या बाजूला जुन्या स्पोर्ट्स कारचा मेळावा आहे, माळशेज चढून तिथे जायचं, आणि त्याच्या जीपला ओढायला परवानगी एकूण दीड हजार किलोची. गाडीच साडेनऊशे. अवजारं, जादा चाकं धरली की ट्रेलरला उरतात पाचशे. मुंबईतल्या दोघांनी त्याला नाही म्हणून सांगितलं होतं. मी काहीही न मोजता ‘होऊन जाईल’ म्हणालो. गिरजा आतून माझ्याकडे बघत होती ते मला पाठीला कळलं.

पहिला सांगाडा मी माझ्या सवयीनं केला. केवढा देखणा होता! मग तो खडीच्या क्रशरवरच्या काट्यावर नेला. भिंती नाहीत, छप्पर नाही, दार नाही, आणि काटा म्हणाला सातशे ऐंशी. मी काटेवाल्याला म्हटलं, तुझा काटा बिघडलाय. तो म्हणाला, शेठ, तुमी पण वर उभे हाव, उतरा. उतरलो. सातशे दहा. तिथून घरी आलो आणि थेट ड्रिल उचललं. दोन दिवस मी सांगाड्याला जिथे जिथे भोकं पाडता येतील तिथे भोकं पाडली. चाळण झाली आणि तेवीस किलो कमी झाले. हर्षितला फोन करून ‘जमत नाही’ सांगावं असं ठरवलं आणि फोन हातात घेऊन बसलो. खरं सांगतो अक्का, मला रडू येत होतं. आयुष्यात एकदा काहीतरी नाजूक बनवायला मिळालं होतं आणि माझ्या हाताला ते येतच नव्हतं.

तेवढ्यात तानी आली. तुला ती ठाऊक नसेल. डोंगराकडच्या वाडीवरची, बांबूच्या टोपल्या विणते, आणि दर आठवड्याला माझ्याकडे कोयत्याला धार लावून घेते. तिनं त्या सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘दादा, यात हत्ती कोंडायचा हाय का?’ मी म्हटलं, मोटार. ‘मग मधी एवढं लोखंड कशाला रे? टोपलीचा काठ घट बांधला का पोट पातळ चालतं. पोट पण जाड केलं तर ती उचलायची कुनी?’ एवढं बोलून तिनं डोक्यावरची टोपली काढून पालथी ठेवली आणि तिच्यावर चक्क उभी राहिली. टोपली नुसती कुरकुरली. मी तानीला खाली उतरवलं आणि स्वतः चढलो. (ती टोपली मी नंतर भरून दिली.)

पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती आनंदानं. सकाळी सगळा सांगाडा मोडला. आता लोखंड फक्त खालच्या चौकटीला आणि चाकांना. वरच्या काठाला अॅल्युमिनियमचा चौकोनी पाईप, आणि पोट म्हणून भिंतींना ती पांढरी पाटी, दुधाच्या थंड खोल्यांना लावतात ती. दोन पातळ पत्रे आणि मधे घट्ट फेस. एक अख्खी पाटी गिरजा एका हातानं उचलून चालत गेली! अॅल्युमिनियमचं वेल्डिंग मी यूट्यूबवर बघून शिकलो. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, हे मुकाट राहतं आणि एकदम तुपासारखं पायावर गळतं. वहाणांचे तीन जोड गेले. पण पंधराव्या दिवशी तोच काटेवाला चष्मा पुसून म्हणाला, ‘चारशे सत्त्याऐंशी.’ मी त्याला मिठी मारली. मागे खडीचे चार ट्रक हॉर्न देत होते.

मग प्रश्न आला, भरून चालवून बघायचा कसा. हर्षित आपली गाडी पहिल्या फेरीला देईना. साडेनऊशे किलोचं दुसरं काय आणावं? शेजारच्या पंढरीच्या दोन म्हशींचं वजन जवळपास तेवढंच. खाली फळ्या अंथरल्या, म्हशी आत घेतल्या, हर्षितची जीप जोडली. शंभर पावलं काय सुंदर चाललो, अक्का! मागे काही आहे असं वाटेचना. पण पंढरीला आपल्या म्हशींची काळजी, तो हातात हिरवा चारा घेऊन मागून चालत होता, आणि मागचं दार हवेसाठी अर्धं उघडं. म्हशींना चारा दिसला. दोघी एकदम मागे सरकल्या, ट्रेलरचं नाक वर उठलं आणि त्यानं जीपची शेपटीही उचलली. मला समोरच्या काचेतून रस्ता दिसायचा तिथे नुसतं डांबर दिसायला लागलं. मी ओरडतोय, ‘पंढरी, पुढं ये!’ आणि पंढरी म्हणतो, ‘आधी त्यांना खाऊ दे!’ खाऊन झालं. म्हशी आपल्या आपण पुढे आल्या आणि जीप धाडकन खाली बसली. तेव्हा मला उमगलं की वजन कमी असणं वेगळं आणि ते जागच्या जागी असणं वेगळं. चाकं फूटभर मागे घेतली, म्हणजे थोडं वजन कायम पुढच्या, जीपला अडकवायच्या आकड्यावर राहतं. पुन्हा म्हशी भरल्या, या वेळी शिंगांना दोरी बांधून. टोकावडे ते वैशाखरे, एक हेलकावा नाही. म्हशींना मात्र सवय लागली. आता जीप दिसली की रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात.

शनिवारी हर्षित गतिरोधकांवर फळ्या टाकत टाकत आपली पिवळी घेऊन आला. निम्मं टोकावडे जमलं होतं. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘राघोशेठ, पहिला मान तुमचा.’ मी त्या गाडीत निजलो, इंजिन चालू केलं, छातीत वाघ बोलल्यासारखं झालं. रॅम्प लांब आणि उतरता ठेवला होता, पोट घासलं नाही. आत गेलो, दोन्ही बाजूंना बरोबर चार-चार बोटं मोकळी, बाहेर टाळ्या. पंढरीनं उत्साहात मागचं दार लोटलं आणि कडी सरकवली. मी इंजिन बंद केलं, दार उघडायला गेलो, तर ते चार बोटंच उघडलं.

सगळी मापं घेतली होती. गाडीची घेतली, म्हशींची घेतली. माणूस गाडीतून उतरणार कसा, हे ना माझ्या डोक्यात आलं ना त्या डॉक्टरच्या. खिडकी एवढीशी, त्यातून फक्त हात बाहेर आला. (कोपर तिथलं.) बरं, मागे घेऊन उतरावं, तर गाडीच्या वजनानं चौकट केसभर दबली होती आणि कडी अडकली ती जागची हलेना. ग्राइंडर चालवावा तर ठिणग्या उडणार आणि आत पेट्रोल. घणानं ठोकावी तर हर्षित बाहेरून किंचाळायचा, ‘रंग! रंग!’ मी पूर्ण शांत होतो. हवेच्या जाळीतून गिरजानं विचारलं, ‘अहो, जिवंत हाव ना?’ मी म्हटलं, मजेत आहे. पाऊण तास मी तसाच निजून माझ्या छताचे जोड बघत होतो, आणि तुला म्हणून सांगतो, जोड फार सुरेख आले आहेत.

शेवटी तानीचा आवाज आला. ती धारेसाठी आली होती. ‘दादा, आतून ठोक. पाईप कुठं हाय आनि पोट कुठं हाय?’ मी खिडकीतून हात काढून मुठीनं भिंत ठोकत गेलो, तिनं कोळशानं बाहेर रेघ मारली. हर्षितला म्हणाली, ‘तुमी तिकडं तोंड करा, डाक्टर.’ आणि कोयत्यानं, हळूहळू, कलिंगडाची फोड काढावी तसा तिनं भिंतीचा एक चौकोन कापून काढला. उजेड आला. मी गाडीचं दार ढकललं, ते त्या चौकोनातून अख्खं बाहेर उघडलं, आणि मी जावयासारखा ऐटीत पाय बाहेर टाकून उतरलो! ना ओरखडा, ना ठिणगी.

मला वाटलं हर्षित आता ट्रेलर नको म्हणेल. त्यानं गाडीचं दार त्या भोकातून दोनदा उघडलं, मिटलं. मग म्हणाला, ‘हेच तर नव्हतं आपल्या ड्रॉइंगमध्ये!’ आणि दोन्ही हातांनी माझे हात धरले. त्याच तुकड्याला बिजागऱ्या आणि रबराची किनार लावून बाजूचं दार केलं. कडीला मोकळीक दिली. काल पुन्हा काटा केला. चारशे त्र्याण्णव! अक्का, मी घरी येताना मुरबाड रस्त्यावर एकटाच मोठ्यानं हसत होतो. पन्नाशीला आलेल्या माणसानं असं हसू नये, पण हसलो.

दाजींना नमस्कार. तब्येतीला जप, जिना कमी चढ.

तुझा,
राघो

ता.क. प्रणितच्या साखरपुड्याची तारीख रविवार हीच पक्की आहे का? नाही, सहज विचारलं.

ता.क. २. पक्की असेल तर अशी अडचण आहे की मेळावाही रविवारीच आहे. घाटात काही झालं तर बनवणारा सोबत हवा, हर्षितचं माझ्यावाचून पानही हलणार नाही. भाच्याच्या साखरपुड्याला मामा हवा हे मला कळतं. पण लग्नाला मी चार दिवस आधी येऊन मांडव स्वतः उभा करीन, आणि हलका करीन. रागावू नकोस. रागावलीस तर पत्रानं रागव, फोन करू नकोस.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. हे आत अडकले तेव्हा शांत वगैरे काही नव्हते. ‘अक्काला बोलवा’ म्हणून हाका मारत होते, पंढरीभावजी साक्षी आहेत. आत्ताच डॉक्टरांचा फोन आला. जीपमध्ये मागे चाकं आणि अवजारं भरलीत, पुढे एकच जागा आहे, आणि ती त्यांनी तानीला दिली. म्हणाले, वाटेत अडचण आली तर ट्रेलर बनवणाऱ्यापेक्षा उघडणारी बाई बरोबर असलेली बरी. ह्यांना अजून सांगितलं नाही, रात्रीचं जेवण झाल्यावर सांगते. रविवारी आम्ही दोघं सकाळच्या एस.टी.नं निघतो. ह्यांना पंगतीत वाढायला उभं करा, व्याह्यांच्या शेजारी बसवू नका. बसले की ट्रेलर सांगायला लागतात. — गिरजा