विंचाचे चार बोल्ट

दि. ३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

दोनदा फोन केला, पण तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात आई बोलते. म्हणून पत्र. बातमी अशी, की मी गॅरेजची नोकरी सोडली. दचकू नका, मालकांशी भांडण झालेलं नाही. नऊ वर्षं दुसऱ्यासाठी गाड्यांखाली आडवी झाले, आता स्वतःच्या शेडमध्ये आडवी होणार. जुन्या लाकडाच्या वखारीतली जागा मिळाली आहे. छप्पर धड आहे, फरशी सपाट आहे आणि भुशाचा वास अजून जात नाही.

इथे घराघरांत बंद पडलेल्या गाड्या आहेत. लोकांना त्या दुरुस्त करायच्या असतात, पण जागच्या हलवणार कोण? म्हणून मी ट्रेलर घेतला, जुनाच. आता त्यावर गाडी ओढून चढवायला विंच हवा. दुकानात तीन पाहिले. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, की साहेब कधी येणार आहेत बघायला. मी हसले, पण घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

तुम्ही एकतीस वर्षं गोदीत विंच चालवून जहाजं पाण्याबाहेर ओढलीत. माझी तर साधी मोटारगाडी आहे. तेव्हा कोणता घेऊ ते सांगा. आईला म्हणावं, जेवते वेळेवर.

लोभ आहेच, त्यात थोडा सल्ला मिसळून पाठवावा.

आपली,
खटपटी


दि. ११ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. नोकरी सोडलीस हे पहिल्यांदा कळलं, का सोडलीस ते दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तुझ्या आईने मोठ्याने वाचायला लावलं. तिच्या मते तू खुळी आहेस आणि हे खूळ माझ्याकडून आलंय. पुढचं वाक्य मात्र ती अभिमानाने बोलली, ते लिहायला तिने मनाई केली आहे.

आता विंच. खोक्यावर जी ताकद छापलेली असते, ती ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाची. थरावर थर चढले की ताकद उतरते. तुझी सगळ्यात जड गाडी किती वजनाची, ते आधी ठरव आणि त्याच्या दीडपटीचा घे. मोठा दिसतो म्हणून मोठा घेऊ नकोस. गाडी कुठे अडकली तर फाजील ताकदीचा विंच थांबत नाही, काहीतरी मोडल्यावरच थांबतो. ब्रेक असा हवा, की ओढणं थांबवलं की ओझं जागच्या जागी राहिलं पाहिजे. दोर कधीही पुरता सोडायचा नाही, काही वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत.

माझं ऐकशील तर हाताने फिरवायचा घे. हाताला ओझं कळतं, मोटरला कळत नाही. आणि दोर लोखंडी तारेचाच. दुकानात नायलॉनसारखे दोर दाखवतील. त्यांच्यावर कपडे वाळत घालतात.

दुकानदार पुन्हा साहेबांची चौकशी करू लागला, तर म्हणावं, साहेब निवृत्त झाले, आता बाई आल्यात.

आशीर्वाद नेहमीचेच, काळजी या खेपेस जरा जास्त.

तुझे बाबा


दि. २४ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

विंच घेतला! माझी सगळ्यात जड गाडी सोळाशे किलोची, म्हणून अडीच हजार किलो ओढणारा. दुकानदाराला मी ड्रमचे थर आणि त्यागणिक उतरणारी ताकद समजावून सांगितली. त्याने साहेबांचं नाव काढलं नाही, खुर्ची मात्र काढून दिली.

दोन बाबतींत तुमचं मोडलं, रागावू नका. हातविंच घेतला असता तर दांडा फिरवायला मला ड्रमपाशी, दोराच्या सरळ रेषेत उभं राहावं लागलं असतं. मी एकटी काम करणार. विजेच्या विंचाचं बटण लांब वायरीवर आहे, ते घेऊन मला बाजूला उभं राहता येतं. दुसरं म्हणजे दोर. लोखंडी तार तुटली की चाबकासारखी फिरते, हे तुमच्याकडूनच ऐकलंय. हा दोर तुटला तरी तसा उसळत नाही, आणि वजनाला हलका. कपडे वाळत घालायच्या दोरीचा वीतभर तुकडा सोबत पाठवते आहे. तोडून दाखवा.

शेजारच्या वेल्डरने एका दुपारात विंच बसवून दिला, ट्रेलरच्या पुढच्या पत्र्यावर, चार बोल्ट मारून. आतापर्यंत सहा वेळा ओढून पाहिलं. गाडी शहाण्या गाईसारखी वर चढते. फोटो पाठवते आहे. भिंतीवर लावलात तरी चालेल.

लोभ असावा, आणि फोटो बघून तो वाढला तर कळवावं.

आपली,
खटपटी


दि. ३० मार्च

चि. खटपटीस,
आशीर्वाद.

फोटो भिंग लावून पाहिला. विंच उत्तम निवडलास, मी निवडला असता त्याहून चांगला. मोटरची गोष्ट मी मान्य केली. दोराचा तुकडा शेजारच्या काकांना दाखवला. आम्ही दोघं दोन टोकांनी ओढून दमलो. हरलो.

पण विंच काढ. हे पत्र मिळेल त्या दिवशी काढ आणि तोवर एकही गाडी ओढू नकोस.

तो पत्र्यावर बसवलाय. विंच गाडीला जेवढ्या जोराने ओढतो, तेवढ्याच जोराने स्वतःच्या बोल्टांनाही ओढतो. पत्रा माल ठेवायला असतो, ओढ सोसायला नसतो. विंच ट्रेलरच्या सांगाड्याला धरलेला हवा.

काका लंगडत का चालतात, असं तू लहानपणी विचारायचीस. आम्ही सांगायचो, जिन्यावरून पडले. ते जिन्यावरून पडले नव्हते. गोदीत माझ्या विंचाच्या बैठकीचे बोल्ट निसटले. विंच हातभर सरकला, तार बाजूला फिरली आणि काकांच्या पायावर बसली. विंच धडधाकट होता, तारही नवी होती. त्या दिवशी सकाळी एका बोल्टाच्या वायसरभोवती मला तांबूस भुकटी दिसली होती. बोल्ट हलायला लागला की तशी भुकटी पडते. होडी लहान आहे, दुपारच्या सुट्टीनंतर आवळू, असं म्हणून मी काम चालू ठेवलं. चौकशीत बोल्ट जुने होते असं ठरलं. सकाळी मी काय पाहिलं, ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काकांनाही नाही. तुझ्या आईला आज सांगितलं, कारण हे पत्र टपालात तीच टाकणार आहे.

एवढंच. काढलास की दोन ओळी टाक.

तुझे बाबा


दि. ९ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच सकाळी काढला. खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. एवढ्या हौसेने फोटो पाठवला आणि तुम्हाला नेमका पत्राच दिसला. पण विंच उचलला आणि राग तिथेच संपला. पत्रा मधोमध फुगून वर आला होता. चारांपैकी दोन भोकं लांबट झाली होती. सहा वेळा ओढण्यात एवढं. सातव्या वेळी काय झालं असतं, ते मी वेल्डरला विचारलं. तो उखडला, की त्याच्या कामाला आजवर कुणी नावं ठेवली नाहीत. मी त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं, काकांच्या पायापर्यंत.  दुसऱ्या दिवशी तो स्वतःच जाड लोखंडी चॅनेलचा तुकडा खांद्यावर घेऊन आला.

आता असं आहे: ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य दांड्यांना जोडणारं आडवं चॅनेल, त्यावर बोटभर जाड पट्टी, पट्टीवर विंच. चारही बोल्ट आरपार, कडक पोलादाचे, खाली पुन्हा जाड पट्टी आणि ढिले न होणारे नट. विंच ट्रेलरच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दोर सरळ येतो. प्रत्येक नटापासून पट्टीपर्यंत मी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी बघते.

काकांबद्दल मी काय लिहू? तुम्ही मला सांगितलंत, आईला सांगितलंत. तिसरं माणूस तुमच्या शेजारच्या घरात राहतं, एवढंच म्हणते. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर कान धरायला इकडे या.

माया आहे तशीच राहू द्या, भिंगही तसंच राहू द्या.

आपली,
खटपटी


दि. २ मे

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

काल जे झालं ते सगळं सविस्तर लिहिते. मी ठणठणीत आहे, हे आधी वाचा.

एका निवृत्त नर्सबाईंची गाडी आणायची होती. याच गाडीतून त्या वर्षानुवर्षं बाळंतपणांना धावल्या. सहा वर्षं दारापुढे, चाकांना दगड लावून उभी होती, हॅन्डब्रेक गंजून मेलेला. घर चढाच्या गल्लीत. वरच्या बाजूला माझी जीप आणि तिला जोडलेला ट्रेलर, त्याच्या मागे उतारावर गाडी, आणि गाडीच्या मागे गल्ली सरळ उतरते ती एका शिंप्याच्या दुकानावर. आत तीन मशिनी, चार माणसं.

सुरुवात करण्याआधी मी शिंप्याला म्हटलं, की सगळ्यांनी बाहेर येऊन वर नर्सबाईंच्या घराच्या पायऱ्यांवर थांबा. तो म्हणाला, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, तू माझी शिलाई करणार का? मी म्हटलं, तुम्ही बाहेर येईपर्यंत मी बटण दाबणार नाही, मग संध्याकाळ झाली तरी चालेल. कुरकुरत आले. नर्सबाई गाडीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनाही बाजूला व्हायला सांगितलं. त्या म्हणाल्या, की आख्ख्या नोकरीत मला खोलीबाहेर जा म्हणायची डॉक्टरांचीही छाती झाली नाही. पण गेल्या.

पुढची चाकं ट्रेलरला टेकवलेल्या दोन रॅम्पवर निम्मी चढली आणि डावा रॅम्प ट्रेलरच्या कडेवरून निसटला. गाडी डाव्या बाजूने खाली आदळली. सगळं ओझं एका झटक्यात दोरावर आलं. मी बटण सोडलं. बाबा, गल्लीत इतकी शांतता झाली की रॅम्प अजून फरशीवर थरथरतोय ते ऐकू येत होतं. गाडी मागे आली नाही. इंचभरसुद्धा नाही. चार नट, चार रेघा, एकही तुटलेली नाही. 

मग बाजूने, लांब काठीने ढकलून मागच्या चाकांमागे लाकडी ठोकळे बसवले. गाडी जॅकने उचलली, रॅम्प पुन्हा लावला, आणि या वेळी दोन्ही रॅम्प खिळीने ट्रेलरला अडकवले. ही चूक माझी होती. खिळी पहिल्यापासून हव्या होत्या. आता त्यांच्यावाचून रॅम्पला हात लावत नाही. मग हळूहळू वर ओढली आणि चारही चाकं पट्ट्यांनी कसली, कारण विंच ओढायला असतो, प्रवासात धरून ठेवायला नाही, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे.

शिंपी आपल्या दुकानाकडे बघत कितीतरी वेळ उभा होता. मग जवळ आला आणि विचारलं, की ताई, हे कुणी शिकवलं. मी सांगितलं, आमच्या बाबांनी. सांगताना मी चांगली ताठ उभी होते.

लोभ काल कामी आला, असाच पाठीशी असावा.

आपली,
खटपटी


दि. १४ मे

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांना सांगू नकोस मी लिहिलं म्हणून. तुझं पत्र आलं, ते त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग चपला घातल्या आणि पत्र घेऊन शेजारी गेले. मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते, म्हणजे घातलेलेच पुन्हा घालत होते. आधी त्यांनी तुझं पत्र वाचून दाखवलं. मग बोल्टाची गोष्ट सांगितली, त्या सकाळपासून. मध्ये कुठेही थांबले नाहीत.

काका उठून आत गेले. चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत, पेपर मागायलाही नाही. तुझे बाबा चार दिवस नुसते ओट्यावर बसून. पाचव्या दिवशी काका आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, की एवढ्या वर्षांचा राग करायचा राहिला होता, तो मी चार दिवसांत उरकला, आता मला त्या उताराच्या गल्लीचं पत्र पुन्हा वाचून दाखव, त्या दिवशी तुझं नंतरचं ऐकून ते सगळं डोक्यातून गेलं. मी आत जाऊन डोळे पुसले. दोघांनी ते पत्र दोनदा वाचलं, आणि रॅम्पच्या खिळीवरून तासभर वाद घातला.

जेवत जा. तब्येतीला जपणारी माणसं मला जास्त आवडतात.

तुझी आई


दि. २० मे

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

आईने तुला लिहिलं आहे, हे मला माहीत आहे. टपालाचं तिकीट माझ्याच डबीतून घेतलं. तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. फक्त एवढंच, की तू म्हणालीस ते बरोबर होतं. कान धरायला येण्याची गरज उरली नाही.

परवा डोळे तपासायला गेलो होतो. नाव लिहून घेणारी बाई बोलकी आहे. तिने विचारलं, मुलं काय करतात. आजवर मी मुलगी गॅरेजमध्ये असते असं म्हणून विषय बदलत असे. परवा मी तिला चढाची गल्ली सांगितली, खालचं दुकान सांगितलं, रॅम्प निसटला ते सांगितलं. बोल्टांशी आलो तेव्हा माझ्यामागे रांग लागली होती. पुढचा माणूस आत का येत नाही म्हणून डॉक्टर बाहेर आले. मग त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं.

येत्या रविवारी आम्ही दोघं आणि काका येतोय. सोमवारी एखादी गाडी ओढायची ठेव. मी विंचाला हात लावणार नाही, मधे बोलणार नाही. कुठे उभं राहायचं ते तू सांगशील, तिथे उभा राहीन.

तुझे बाबा