बॉनेट सोडून सर्वांगपरीक्षण

श्री. स्वस्ति. अखिलदक्षिणकोकण-यंत्रतत्त्वचिंतक, चतुश्चक्रविद्यावाचस्पती, पेट्रोल-डिझेल-उभयशास्त्रपारंगत, जीर्णवाहनोद्धारधुरंधर, तसेच आमच्या हायस्कुलातील संस्कृताध्यापनपीठाचे एकमेव अधिष्ठाते (दुसऱ्या मास्तरांची बदली झाली), राजमान्य राजश्री जनार्दन खोबरेकर, मुक्काम मालवण, यांची ही रोजनिशी. अन्य कोणी वाचू नये. आनंदीने तर नयेच.

दि. ४ जानेवारी, रविवार

शेजारच्या कमरुद्दीनने नवी गाडी घेतली. मासळीच्या व्यापारातून मनुष्याला असेच काहीतरी सुचते. गाडी पांढरी, तुकतुकीत, आणि पट्टा न लावल्यास किंचाळणारी. तिला तो ‘फोर बाय फोर’ म्हणतो. मी म्हटले, तारकर्लीच्या वाळूत रुतलास की सांग, माझ्या जीपने ओढून काढीन. तर म्हणतो, “मास्तरानू, तुमची जीप खंय आसा?”

प्रश्न क्षुद्र होता.

संकल्प: जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप घेऊन तिचा जीर्णोद्धार करणे.

दि. ८ जानेवारी, गुरुवार

धामापूरला पेद्रू नामक बागायतदाराकडे अशी जीप असल्याचे कळले. परीक्षणशास्त्राचे दोन व्हिडिओ पाहिले. दुसरा अर्धाच. विषय हस्तगत झाला.

दि. ११ जानेवारी, रविवार

परीक्षण.

जीप गोठ्यामागे, फणसाखाली. रंग मूळचा हिरवा असावा. तूर्त शेवाळाचा आहे. लोहचुंबक लावले. चिकटेना. पत्रा सामान्य लोखंडाहून उच्च प्रतीचा, हे सिद्ध. चासीस स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. म्हणजे चासी पोकळ, वजनाला हलकी. पूर्वीचे अभियंते विचार करीत असत.

पुढच्या चाकांचा शाफ्ट दिसेना. पेद्रूने न्हाणीकडे बोट दाखवले. “छपराक टेको लावलो आसा.” मग चाके चार असून चालवते कोण, असे मी किंचित उपरोधाने विचारले. म्हणाला, “दोन चाका ओढीत, दोन निसती सोबतीक येयत. आता तर एकय ओढणा नाय. इंजिन काढून मेव्हण्याच्या होडयेक लावलंय.”

होडीला मोटारीचे इंजिन! इतके बाळबोध असत्य मी आठवी ‘ब’ मध्येही ऐकलेले नाही.

बॉनेट उघडू गेलो तर पेद्रूची पत्नी बर्नादेत पिठाच्या हातांनी धावत आली. “हात लावू नकात! कोंबी अंड्यांवर बसलीहा. धक्को लागलो तर अंडी फुकट जातली.” खालून आत शिरलेल्या एका पक्षिणीसाठी शास्त्रीय परीक्षण स्थगित झाले. अशा देशाचे काय होणार!

दि. १२ जानेवारी, सोमवार

वर्गात मुले धातुरूपे म्हणत असता चिंतन केले. कोंबडी उबेच्या जागी बसते. ऊब इंजिनात असते. अर्थात इंजिन आहे, आणि पेद्रू ते गुपचूप चालवतो. शिवाय जो माणूस स्वतःच्या वस्तूची इतकी निंदा करतो, त्याला ती द्यायची नसते. हे ओळखायला अनुभव लागतो.

दि. १४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

आनंदीला योजना सांगितली: आपली छोटी गाडी पेद्रूला द्यायची, जीप आणायची. तिने तिळगूळ परत डब्यात ठेवला. त्या गाडीतून ती दर गुरुवारी तारकर्लीच्या हॉटेलांना आपला मसाला पोचवते. “मगे मसालो काय तुमच्या डोक्यार घालून न्हेव?”

जीपमध्ये दहापट मसाला मावेल, असे मी शांतपणे म्हटले. स्त्रियांना दूरचे दिसत नाही.

दि. १८ जानेवारी, रविवार

अदलाबदलीचा प्रस्ताव मांडताच पेद्रूने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “मास्तरानू, तुमका बरा नाय काय? चालती गाडी देतास?” बर्नादेत म्हणाली, “अहो, ती जीप न्हय, खुराडो तो!”

पती-पत्नी किती कसून विरोध करीत होती! माझा निश्चय त्याच क्षणी झाला. कागदांवर मी सही केली. पेद्रूने करण्यापूर्वी मला आणखी दोनदा विचारले. लोभी मनुष्य.

दि. २५ जानेवारी, रविवार

वाहनाचा नगरप्रवेश. इतक्या वर्षांनी यंत्राला एकदम श्रम नकोत म्हणून जीप दोराने आणवली. कोंबडी अंड्यांसह आतच; सावकाश न्यावे, बॉनेट उघडू नये, ही बर्नादेतची सक्त ताकीद. ओढायला माझीच पूर्वीची गाडी होती. चालवायला पेद्रू, शेजारी आनंदी; तिला म्हणे वाटेत कुडाळच्या मिरच्यांचे पोते घ्यायचे होते. मी जीपच्या सुकाणूवर, ताठ बसून. सीटची स्प्रिंग हे त्याचे एक कारण.

बाजाराच्या तिठ्यावर कमरुद्दीनने गाडी थांबवली. खिडकीची काच आपोआप खाली गेली. “मास्तरानू, हय वाळू खंय गावली तुमका?”

मी नमस्कार केला. त्याला पाहिलेच नाही असे दाखवता येत नव्हते. दोर त्याच्या समोरच तुटला.

दि. २६ जानेवारी, सोमवार. सकाळ

झेंडावंदनाहून आलो. जीप काल दोराला गाठ मारून घरासमोर रस्त्याकडेला आणून ठेवली होती. बर्नादेतची सक्त ताकीद झुगारून बॉनेट उघडले. नारळाची सोडणे. गवत. अंडी. कोंबडी. तिच्या खाली रस्ता.

पेद्रूला फोन केला. म्हणाला, “मी तुमका सांगलंय तर.” मागून होडीचा आवाज येत होता. ओळखीचा वाटला नाही, पण दणकट होता.

दुपार

पेद्रू आनंदीला न्यायला आला. हॉटेलांत सुट्टीची गर्दी, म्हणून मसाला गुरुवारऐवजी आजच. आता मसाल्याची पोचवणी तोच करणार. त्याला थोडा मसाला मिळणार. ती पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि मला म्हणाली, “गाडी दिलास ता बरा केलास. चालवणारो तरी बरो गावलो.” इतकी प्रसन्न मी तिला कधी पाहिली नव्हती. माझ्या दूरदृष्टीचे फळ. तिला हळूहळू कळेल.

संध्याकाळ

बर्नादेतचा फोन. कोंबडी तिची. पिल्ले निघेपर्यंत हलवायची नाही, बॉनेट आपटायचे नाही, दोन्ही वेळ कण्या घालायच्या. कोणाच्या कण्या, असे मी विचारले. कोंबी तुमच्या घराक आसा, म्हणाली. पेद्रू म्हणतो, बोलणी गाडीची झाली, कण्यांची नव्हे. आनंदी म्हणते, डब्यातल्या कण्यांना हात लावाल तर बघा.

कोंबडी ग्रिलमधून माझ्याकडे पाहत आहे, आणि नाक्यावरचे दुकान सुट्टीमुळे बंद.